रुग्णवाहिकेतील टॅब्लेट : एका पावसाळ्याचा अनुभव

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आमच्या मंडळाची रुग्णवाहिका चालते. गेल्या मृगापासून तिच्या डॅशबोर्डवर टॅब्लेट आहे; कॉल घेणे, रस्ता शोधणे आणि रुग्णाची नोंद ही तिन्ही कामे त्यावरच होतात. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो, ही यातली सर्वांत मोठी सोय. जंगलात रेंज गेली तरी वाट दिसत राहते आणि केलेली नोंद रेंज येताच आपोआप पुढे जाते. ‘रुग्ण पोहोचवला’ ही नोंद बोट पडद्यावर ओढत नेल्याशिवाय होत नाही, हेही योग्यच; खड्ड्यातल्या एका हादऱ्याने केस बंद झाली, तर कचेरीत आमची गाडी मोकळी दिसेल आणि दुसरा कॉल आमच्याच माथी येईल.

मात्र हीच सावधगिरी कॉल स्वीकारतानाही लावली आहे, आणि तेथे ती जाचक होते. आषाढातल्या एका रात्री गाडीत बसलो तेव्हा हात निथळत होते. टॅब्लेटची काच बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखते, त्यामुळे पाण्यानेही ती फसते. ‘स्वीकारा’ दोनदा उमटलेच नाही. तिसऱ्यांदा उमटले, तर ‘खात्री आहे का?’ अशी चौकट आली, आणि तिच्यातली ‘होय’ व ‘नाही’ ही दोन्ही बटणे इतकी बारीक आणि चिकटून होती की बोट ‘नाही’वर पडले. कॉल परत मिळवायला कचेरीत फोन करावा लागला. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका ते गाठायला वेळ अधिक, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच मांडले होते. चुकून स्वीकारलेला कॉल मागे घेता येतो, मग आधी विचारायचे कशाला? येथे एकच मोठे बटण हवे, आणि तेही शक्यतो काचेवर नव्हे, तर स्टिअरिंगजवळ, हाताला लागणारे.

भाषा कन्नड आणि इंग्रजी एवढ्याच. मला कन्नड वाचता येते. महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्या सहकाऱ्याला येत नाही. त्याहून मोठी अडचण गावांच्या नावांची आहे. आपण निपाणी आणि चिकोडी म्हणतो, तर यादीत निप्पाणी आणि चिक्कोडी आहे. एक अक्षर कमी पडले की शोधपट्टी कोरी राहते. दोन्ही रूपे चालवून घेणे काही अवघड नसावे.

रात्री उजेड आपोआप मंद होतो, ते बरे. तूर्त टॅब्लेटशेजारी सुके फडके आणि गावांच्या दोन्ही नावांची वही ठेवली आहे.