मॅकरोनी चीज दुधाचं करावं की बिनदुधाचं? घरात कोण खाणार ते पाहून ठरवा

पहिले एक गोष्ट क्लिअर करून घ्या, तुम्हाला दूध काऊन नको आहे? कारण "दूध नको" म्हणणारे लोक वेगवेगळे असतात अन् सगळ्यांसाठी उत्तर एक नाही. कोणाला दूध प्यालं की पोट फुगते, कोणाच्या लेकराला दुधाची ॲलर्जी असते, कोणी व्हेगन झालेलं असते, अन् कोणाच्या घरी संध्याकाळी दूधच संपलेलं असते अन् पोरं मॅकरोनी मॅकरोनी करून राहिलेली असतात. या शेवटच्या घराला काजू भिजवत बसायची काहीच गरज नाही, त्यांच्यासाठी वेगळाच सोपा उपाय आहे, तो पुढे सांगते.

पोट फुगणारे असतील तर थोडा हिशोब करून पाहा. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ते 100 मिली दुधात साधारण 5 ग्रॅम असते. चार जणांच्या मॅकरोनीला 600 मिली दूध धरलं तर एका प्लेटीत साडेसात ग्रॅमच्या आसपास येते. दूध न पचणाऱ्या बऱ्याच लोकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज जेवणासोबत चालून जाते, पण हे प्रत्येकाचं वेगळं असते, काहींना अर्धा कप चहानेही त्रास होतो. अशांसाठी लॅक्टोज-फ्री दूध मिळते, अमूलचंही आहे, त्याचा व्हाइट सॉस अगदी साध्या दुधासारखाच होतो. फक्त ते जरा गोडसर लागते, कारण लॅक्टोज फोडून त्याचं ग्लुकोज अन् गॅलॅक्टोज केलेलं असते, म्हणून त्यात मोहरीची पूड अन् काळी मिरी थोडी सढळ हाताने टाका. म्हणजे फक्त लॅक्टोजचाच प्रॉब्लेम असेल तर तुम्ही चीज सोडायची गरजच नाही, जुनं मुरवलेलं चेडर तर लॅक्टोजच्या बाबतीत जवळपास रिकामंच असते.

ॲलर्जीचं मात्र तसं नाही, अन् इथे मी खूप कडक आहे. ॲलर्जी साखरेची नसते, प्रोटीनची असते, केसिनची नाहीतर व्हेची. लॅक्टोज-फ्री दुधात ही दोन्ही प्रोटीनं जशीच्या तशी असतात. म्हणून दूध, बटर, चीज, पनीर, दही, मिल्क पावडर सगळं बंद, तुपातसुद्धा प्रोटीनचा अंश राहू शकतो, अन् "मग बकरीचं दूध घाला" असं कोणी सांगितलं तर तेही नको, बहुतेकांना त्याचाही त्रास होतो. अजून एक, नॉन-डेअरी लिहिलेल्या क्रीममध्ये किंवा कॉफीत टाकायच्या पावडरमध्ये पुष्कळदा सोडियम केसिनेट असते, ते दुधातलंच प्रोटीन आहे. पाकीट पलटवून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय लेकराच्या प्लेटीत काही टाकू नका.

आता दुधाच्या पद्धतीवर येऊ. 250 ग्रॅम मॅकरोनीला 30 ग्रॅम बटर, 30 ग्रॅम मैदा, 600 मिली दूध अन् 150 ते 200 ग्रॅम चीज. दूध फुल क्रीमचं घ्या, दिनशॉ असो की मदर डेअरी की अमूल, पाकिटावर 6 टक्के फॅट लिहिलेलं पाहा, टोन्डमध्ये 3 टक्केच असते अन् तो फरक जिभेला कळते. बटर वितळलं की मैदा टाकायचा अन् मंद आचेवर दीड-दोन मिनिटं परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास गेला पाहिजे. पहिलं दूध अगदी अर्धा कपच ओता. ओतल्या ओतल्या कढईत एक घट्ट गोळा तयार होतो, तो पाहून नवीन माणूस घाबरते अन् एकदम सगळं दूध ओतून देते, गाठी तिथेच होतात. तो गोळा व्हिस्कने दाबून दाबून गुळगुळीत करायचा, मग पुन्हा थोडं दूध, पुन्हा घोटायचं, असं तीन-चार वेळा केलं की उरलेलं दूध बिनधास्त ओतलं तरी चालते. एक उकळी येऊ द्या, मैद्याचा घट्टपणा उकळीनंतरच येतो. चमच्याच्या पाठीवर सॉस चिकटून राहिला अन् मधून बोट फिरवल्यावर रेघ तशीच दिसली की झालं.

गॅस बंद करा, अन् मगच चीज टाका. दुधाच्या मॅकरोनीत सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, सॉस रवाळ होतो अन् वर तेल तरंगते. चीजमध्ये फॅट अन् पाणी एकमेकांना धरून असतात ते केसिनच्या जाळ्यामुळे, जास्त गरम झालं की ते जाळं आक्रसते, फॅट बाहेर सुटते. जुन्या चेडरमध्ये हे लवकर होते. आपल्याकडचे चीज क्यूब अन् स्लाइस मात्र प्रोसेस्ड असतात, त्यात सायट्रेट नाहीतर फॉस्फेटचे क्षार असतात, ते फॅट सुटू देत नाहीत. ही युक्ती 1911 ची आहे, स्वित्झर्लंडमधल्या वॉल्टर गेर्बर अन् फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट टाकून ते टिकाऊ केलं होतं. त्याचा आपल्याला फायदा असा की थोडं प्रोसेस्ड अन् थोडं चेडर मिक्स केलं तर चव चेडरची येते अन् सॉस फाटत नाही. मी दोन भाग क्यूब अन् एक भाग चेडर घेते, अन् माझ्या मते आपल्या बाजारात मिळणाऱ्या सामानात यापेक्षा चांगलं जमत नाही. पिझ्झावालं मोझरेला यात जास्त टाकू नका, त्याचे तार छान निघतात पण सॉस क्रीमी होण्याऐवजी गोळा होतो. पनीर किसून टाकणारे पण पाहिले आहेत, ते वितळतच नाही, कारण ते लिंबाने नाहीतर व्हिनेगरने फाडलेलं असते, कितीही शिजवा दाणेच राहतात.

बिनदुधाच्या बाजूला लोक सगळ्यात पहिले काय करतात, तर वरच्याच रेसिपीत दुधाच्या जागी सोया नाहीतर बदाम ड्रिंक ओततात, बटरच्या जागी तेल, अन् चीज तर नाहीच. मग म्हणतात बिनदुधाचं काही खरं नाही. अहो, त्यात चव येणार कुठून? चव, फॅट, मीठ सगळं चीजमधून येत होतं. बदामाचं पातळ पाण्यासारखं असते. सोयाचं त्यातल्या त्यात घट्ट, पण त्याला तो डाळीसारखा वास राहते अन् लिंबू पडलं की फाटते. ओटच्या ड्रिंकमध्ये स्टार्च एन्झाइमने फोडलेला असते म्हणून साखर न घालताही गोडसर लागते. नारळाचं दूध क्रीमी आहे, पण मग ती मॅकरोनी कढीसारखी लागते, मला तरी नाही आवडत. या सगळ्यात निवडायचंच असेल तर बिनसाखरेचं, बिनफ्लेवरचं सोया निवडा, अन् तेही काजूच्या सोबतीनेच.

काजू हेच खरं उत्तर आहे. बाकी सुक्या मेव्यापेक्षा काजूत स्टार्च जास्त असतो, त्यामुळे त्याची पेस्ट गरम झाली की स्वतःच घट्ट होते, मैदा लागतच नाही. 250 ग्रॅम मॅकरोनीला 100 ग्रॅम काजू, एक मध्यम उकडलेला आलू, अर्धं उकडलेलं गाजर, दोन चमचे तेल, एक लहान कांदा अन् तीन-चार लसूण पाकळ्या परतून, अर्धा चमचा मोहरीची पूड, चिमूटभर हळद, मीठ, अन् पाणी साधारण 400 मिली. अख्खे काजू घेऊ नका, नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत तुकडा काजू मिळते, भाव कमी अन् इथे तर वाटूनच टाकायचा आहे. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. मिक्सरच्या लहान जारमध्ये पहिले फक्त काजू, कांदा-लसूण अन् थोडं पाणी घालून अगदी गंधासारखं वाटा, दोन बोटांत घासून कण लागला तर पुन्हा फिरवा, तिथे आळस केला तर सॉस क्रीमी होणारच नाही. आलू-गाजर शेवटी टाका अन् दोन-तीन झटकेच द्या, आलू जास्त फिरवला की त्याचा चिकट लगदा होते.

मग हे कढईत ओतून मंद आचेवर हलवत राहा. पहिले दोन-तीन मिनिटं वाटते की पातळ राहिलं, काही होत नाही, अन् मग एकदम कडेकडेने घट्ट व्हायला लागते, उलथन्याच्या मागे कढईचं बूड दिसू लागते. तेव्हा लगेच गरम पाणी घालून तुम्हाला पाहिजे त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा, कारण मॅकरोनी बसल्या बसल्या पाणी पिते. गॅस बंद करून एक चमचा लिंबाचा रस. लिंबू विसरू नका, चीजचा जो आंबटपणा असतो तो इथे लिंबूच देतो. न्यूट्रिशनल यीस्ट, म्हणजे चवीसाठी वापरायचं सुकवलेलं यीस्ट, मिळालं तर दोन चमचे टाका, चीजच्या जवळची खारट-खमंग चव त्यानेच येते, धरमपेठ-रामदासपेठकडच्या मोठ्या दुकानात विचारून पाहा नाहीतर ऑनलाइन मागवा. पण पाव फुगवायचं यीस्ट अजिबात टाकू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

काजूचीही ॲलर्जी असते हे लक्षात ठेवा. तसं असेल अन् बियांचा त्रास नसेल तर मगज घ्या, खरबुजाच्या सोललेल्या बिया, रंग पांढराच राहते अन् ग्रेव्हीसाठी आपण वापरतोच. स्टार्च कमी असल्यामुळे एक चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून लावावं लागते. जैन घरात आलू-गाजर-कांदा-लसूण चालत नाही, तिथे लाल भोपळा उकडून टाका, रंग तर गाजरापेक्षा सुंदर येते.

अन् ज्यांच्या घरी फक्त दूध संपलं आहे त्यांनी मॅकरोनी नेहमीपेक्षा कमी पाण्यात उकळा, म्हणजे ते पाणी स्टार्चने गढूळ होते. त्यातलं कपभर काढून ठेवा, बाकी निथळा, गरम मॅकरोनीत चमचाभर बटर, सहा-सात चीज क्यूब किसून, अन् ते पाणी थोडं थोडं घालत जोरजोरात हलवा. पाच मिनिटांत चकचकीत सॉस होते, मैदा नाही, दूध नाही. चव थोडी एकसुरी लागते, काळी मिरी अन् वरून बारीक चिरलेला सांबार म्हणजे कोथिंबीर टाकला की मस्त. हे बिनदुधाचं आहे पण बिन-डेअरीचं नाही, ॲलर्जीवाल्याला देऊ नका.

खाताना फरक काय लागते? दुधाचं तोंडात गेल्यावर चीजची चव रेंगाळते, तार निघते, ओव्हनमध्ये ठेवलं तर वर सोनेरी पापुद्रा येते. काजूचं मऊ आहे, मखमली आहे, पण तार निघत नाही अन् भाजल्यावर रंग फिका राहते, वर टोस्टचा चुरा तेलात कालवून पसरला तर ती कमी बरीच भरून निघते. खर्चात फार फरक पडत नाही, काजूत जेवढे जातात तेवढेच चीजमध्येही जातात. वेळेत फरक आहे, दुधाचं अर्ध्या तासात ताटात येते, काजूचं भिजवण्यासकट तासभर धरा. मसालेदार जेवणाची सवय असलेल्या आपल्या लोकांना काजूवाल्यात थोडं तिखट अन् लसूण वाढवून दिलं तर बहुतेक जण दुसऱ्यांदा मागून खातात, हे मी पाहिलं आहे.

डब्यासाठी मात्र मी काजूच्या बाजूने आहे, घरात कोणाला दुधाचा काही त्रास नसला तरी. चीजचा सॉस थंड झाला की घट्ट बसते, दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याची वडी होते, काजूतलं फॅट थंडीतही पातळ राहते म्हणून मॅकरोनी सुटी राहते. सॉस मात्र नेहमीपेक्षा पातळ करून भरा. अन् मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर जाते तेव्हा दोन्हीपैकी एकही डब्यात देऊ नका, दुधाचं असो की काजूचं, बाहेर तासाभरात भरवसा राहत नाही. घरी उरलं तर लगेच फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. परत गरम करताना दुधाच्यात दोन चमचे दूध अन् काजूच्यात दोन चमचे पाणी टाकून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर, मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर, मधून एकदा हलवून.

पाहुण्यांमध्ये एखाद्यालाच दूध चालत नसेल तर दोन सॉस करायची धावपळ करू नका, सगळ्यांसाठीच काजूचं करा अन् ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी चीज किसून वेगळ्या वाटीत ठेवा, त्या वाटीचा चमचा मात्र कढईत जाऊ देऊ नका.