भीमगडच्या रानात पाच दिवस: किशोरवयीन मुलांच्या पदभ्रमण शिबिराविषयी

दसऱ्याच्या सुट्टीत माझी पंधरा वर्षांची मुलगी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील रानात पाच दिवसांच्या पदभ्रमण शिबिराला गेली आणि तिच्याबरोबर मीही गेले. तुकडीत सहा मुली असल्याने पालकांपैकी एक बाई सोबत असावी, असा आयोजकांचाच आग्रह होता. त्यामुळे हे शिबिर मला माहितीपत्रकातून नव्हे, तर मुलांच्या मागून चालत पाहता आले. बेळगाव आणि आसपासच्या गावांतील बरेच पालक सध्या अशा शिबिरांची चौकशी करत आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून जे पाहिले ते लिहीत आहे. काही त्रुटीही सांगायच्या असल्याने आयोजक गटाचे नाव मात्र देत नाही.

तुकडी १३ ते १७ या वयोगटातील १४ मुलांची होती आणि शुल्क मुलामागे ६,५०० रुपये. त्यात जेवण, तंबू, गाडीभाडे आणि वनखात्याच्या परवानगीचा खर्च धरलेला होता. प्रमुख मार्गदर्शक, एक सहायक ताई, वाटाडे म्हणून रानातल्याच वाडीवरचे दोघे भाऊ आणि एक स्वयंपाकी, म्हणजे मला सोडून पाच जाणती माणसे बरोबर होती. प्रमुखांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण त्यांनी दर काही वर्षांनी नव्याने घेतलेले आहे. आमच्या विचारण्याची वाट न पाहता त्यांनी पालकसभेत दोन्ही प्रमाणपत्रे दाखवली, हे मला आवडले.

निघण्यापूर्वी कणकुंबीला एका झाडाच्या फांदीला ताणकाटा टांगून प्रत्येकाची पाठपिशवी वजन करण्यात आली. मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा ओझे जास्त नको, हा त्यांचा नियम. ३८ किलो वजनाच्या एका मुलाची पिशवी ११ किलो भरली. ती सगळ्यांसमोर उपसल्यावर आतून चिवड्याचे दोन डबे, तीन जीन्स आणि एक उशी निघाली. कोणी त्याला हसले नाही, कारण आपलाही काटा कुठे थांबेल याची धास्ती प्रत्येकालाच होती. साडेसात किलोवर पिशवी आल्यावरच मुलगा वाटेला लागला. काढून ठेवलेले सामान गाडीत गेले आणि शेवटच्या दिवशी जसेच्या तसे परत मिळाले.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. भीमगड हे २०११ साली घोषित झालेले सुमारे १९० चौरस किलोमीटरचे अभयारण्य असून शिवकालीन भीमगड किल्ल्यावरून त्याला हे नाव मिळाले आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तर याच तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातले पाणी दोन समुद्रांना जाते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि पाणलोटाच्या धारेवर उभे राहून दोन्ही उतार पाहणे वेगळे. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाची चर्चा घरोघरी होत असली, तरी २०१८ साली म्हादई पाणीतंटा लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले म्हणजे नेमके कुठले पाणी दिले, हे आमच्या मुलांना त्या दिवशी प्रथमच कळले. मार्गदर्शकांनी कोणाचीच बाजू न घेता मुलांचे प्रश्न होऊ दिले आणि त्यात पाऊण तास कसा गेला ते समजले नाही.

याच रानात बारापेडे गुहा आहेत आणि जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ तेथे राहते. गुहेत नेणार नाही, असे माहितीपत्रकातच ठळकपणे छापलेले होते. माणसांची वर्दळ आणि विजेऱ्यांचा उजेड यांनी वटवाघळे विचलित होतात, एवढे एकच कारण त्यांनी दिले आणि मुलांनी कितीही गळ घातली तरी ते बदलले नाही. अशा शिबिरांत आकर्षण म्हणून काय काय दाखवले जाते हे मी ऐकून आहे, म्हणून या नकाराचे मोल मला अधिक वाटले.

मार्गदर्शकाची खरी परीक्षा मात्र तिसऱ्या दिवशी झाली. आमगावच्या पुढे एक ओढा ओलांडून आम्हाला पलीकडच्या वाडीवर मुक्कामाला जायचे होते. आमच्या डोक्यावर ऊन होते, पण दुपारपासून वरच्या बाजूला ढग गडगडत होते. काठावर पोहोचलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होते आणि पलीकडचा काठ जेमतेम वीस पावलांवर दिसत होता. मोठी मुले बूट काढायला बसलीसुद्धा. मार्गदर्शकांनी त्यांना बूट पुन्हा घालायला लावले, पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवली आणि सगळ्यांना पंधरा मिनिटे गप्प बसून तिच्याकडे पाहायला सांगितले. पहिली काही मिनिटे काहीच घडले नाही. मग पाण्याचा रंग गढूळ होऊ लागला, त्याबरोबर सुकी पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या आणि कडेला असलेली काठी हळूहळू पाण्यात उभी दिसू लागली. वाटाड्या भाऊ एवढेच म्हणाले, "पाणी चढायलंय, आता उतरायचं नाही."

यानंतर मार्गदर्शकांनी जे केले, त्यासाठी हे शिबिर मी इतर पालकांना सुचवते. परत फिरायचे हे त्यांनी मनाशी ठरवलेलेच असणार, तरी प्रत्येक मुलाला काय दिसले आणि त्यावरून काय वाटते, हे त्यांनी एकेकाला विचारले. एक मुलगा ठामपणे म्हणाला, की दोर बांधून आपण सहज जाऊ. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावर दोराला धरून चालताना पाय घसरला तर माणूस पाण्याच्या जोराने कसा आत ओढला जातो, पाठपिशवीचा कमरपट्टा बांधलेला असेल तर काय होते आणि पलीकडे गेल्यावर रात्रीत कोणी आजारी पडले तर ओढ्याच्या कोणत्या बाजूला असणे बरे, हे त्यांनी त्याला समजावून दिले. या शेवटच्या मुद्द्यावर वाटाड्यांनी सांगितलेले मुलांच्या फार मनाला लागले. त्यांच्या वाड्यांना धड रस्ता नसल्याने पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणावे लागते. ते काम त्या दोघांनी स्वतः केलेले आहे. आम्ही मागे फिरलो आणि गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात रात्र काढली. अर्ध्या तासात तो ओढा कमरेएवढा झाल्याचे मागून आलेल्या गुराख्याने सांगितले.

चौथ्या दिवशी ठरलेली वाट सोडून गाडीने हेम्माडग्याच्या बाजूने वळसा घालून नेले आणि तेथून पुन्हा चालणे सुरू झाले. कार्यक्रमातला एक मुक्काम बुडाला, याबद्दल एकाही मुलाने कुरकुर केली नाही. निर्णय कसा झाला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, हेच त्याचे कारण असावे.

ऑक्टोबरात जळवा असतातच, हे पालकांनी गृहीत धरावे. ओढून काढायची नाही, नखाने तोंडाकडच्या बाजूने अलगद सरकवायची, आणि तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नसल्याने ते थोडा वेळ वाहत राहिले तरी घाबरायचे नाही, हे पहिल्याच संध्याकाळी शिकवले. दिवाळीनंतरच्या तुकड्यांना गोचिडांपासून जपावे लागते. माकडताप गोचिडांमुळे पसरतो, आणि शेजारच्या गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळलेले आहेत. त्या तुकड्यांची रोज संध्याकाळी मान, काखा आणि गुडघ्यामागची बाजू तपासतात, असे ताईंनी सांगितले. जेवण साधे आणि पोटभर होते: नाचणीची भाकरी, पिठले, कुळथाची आमटी, सकाळी पोहे आणि वाटेत शेंगदाणा-गुळाचे लाडू. वाढणे आणि भांडी घासणे मुलांकडेच होते.

आता उणिवा. आरोग्याच्या छापील तक्त्यात दमा, फिट आणि ॲलर्जी यांचे रकाने होते, पण मुलींच्या मासिक पाळीविषयी एक ओळही नव्हती. दुसऱ्या दिवशी एका मुलीला पाळी आली. सामानात पॅड नव्हते, वापरलेले पॅड कशात ठेवून परत न्यायचे याची सोय नव्हती आणि ती मुलगी संकोचाने सकाळपासून पाणीच पीत नव्हती, हे दुपारी तिला चक्कर आल्यावर कळले. ताईंनी आणि मी मिळून वेळ निभावली. पण पाच दिवस रानात राहणाऱ्या किशोरवयीन मुलींच्या शिबिरात ही गोष्ट प्रथमोपचाराच्या पेटीइतकीच अगोदर ठरलेली असायला हवी.

दुसरी तक्रार निरोपाची आहे. वाटेत मोबाईलला रेंज नसते, म्हणून रोज संध्याकाळी एक माणूस टेकडीवर जाऊन पालकांच्या गटाला निरोप पाठवील, असे ठरले होते. पहिले दोन दिवस तसे झालेही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमके ओढ्यावरून मागे फिरलो त्या दिवशी, पावसामुळे कोणी गेले नाही आणि निरोप पोहोचला तो चौथ्या दिवशी दुपारी. बेळगावात पाऊस पाहून घरची माणसे रात्रभर जागी होती. माझ्या सासूबाईंनी तर सकाळी खानापूरला जाणारी बस गाठण्याची तयारी केली होती. आयोजकांनी नंतर सगळ्यांची क्षमा मागितली, तरी निरोप न आल्यास कोणाला विचारायचे, असा गावातला एक पत्ता पालकांकडे अगोदरच असला पाहिजे. झोपायच्या पिशव्यांपैकी दोन ओलसर वासाच्या होत्या, तेही सांगून ठेवते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलांना एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण दिसणार नाहीत असे एकेकटे तासभर बसवले होते. मी आणि ताई मागच्या बाजूला होतो. माझी मुलगी घरी दहा मिनिटे फोनवाचून राहत नाही. ती एका ऐनाच्या बुंध्याला टेकून बसली होती आणि वर शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर गेले, तेव्हा तिने फक्त मान वर केली. तास संपल्याची शिट्टी वाजली तरी ती लगेच उठली नाही.

पाळी आणि निरोप या दोन्ही बाबींविषयी मी आयोजकांना सविस्तर पत्र दिले आहे, आणि पुढच्या तुकडीपासून तक्ता बदलण्याचे त्यांनी लेखी कळवले आहे. धाकटा मुलगा पुढच्या वर्षी तेरा पूर्ण करेल. त्याचे नाव मी ऑक्टोबरच्या तुकडीसाठी नोंदवून ठेवले आहे.