हराऊ खोऱ्यातला होमस्टे, पश्चिम सुमात्रा, इंडोनेशिया

पायाकुंबुहजवळ दोन रात्री राहिलो. गादी पातळ, पहाटे चारला कोंबडा. पण नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेल्या रेंदांगसाठी (मसालेदार मटण-बीफचा प्रकार) परत जाईन. समोर भातशेती, चिखल अगदी आमच्या खानापूरसारखा. मालकीणबाईंना विचारलं, जमीन कुणाच्या नावावर?

"आईकडची. पुढं लेकीची."

इथल्या मिनांगकाबाऊ लोकांत पिढीजात जमीन आईकडून मुलीकडं जाते (वडिलोपार्जित तरी कसं म्हणायचं!), आणि विकायची म्हटलं तर कुळाची संमती लागते. माझ्या फोनमध्ये तेव्हा थोरल्या ताईच्या हक्कसोडपत्राचा मसुदा पडलेला. बायकोनं नुसतं माझ्याकडं बघितलं. तिथं गुंठाभर घ्यायचा विचार असेल तर सोडा. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानं परदेशी माणसाला पूर्ण मालकी नाही. मसुदा अजून तसाच आहे.