सांदण दरीच्या ट्रेकच्या नावाने 18,900 रुपये गेले, तुम्ही तरी सावध रहा

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो. डिसेंबरात आम्ही सहा जण, त्यात बहिणीची दोन मुलं, सांदणला जाणार होतो. इन्स्टावरचं पेज, पुढे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. माणशी 1,850 प्रमाणे 11,100 भरले. मग "फॉरेस्ट परमिट" माणशी 300, म्हणजे 1,800. निघायच्या आदल्या दिवशी हार्नेसचं (दोराने उतरताना कमरेला बांधायचा पट्टा) डिपॉझिट 6,000, "परत मिळेल दादा". तीनही वेळा यूपीआयवर नाव वेगळं आलं आणि मी तीनही वेळा पिन टाकला.

पण खरं डोक्यात जातं ते वेगळंच. मी फोनवर विचारलं, रॅपलिंग करून, म्हणजे दोराने खाली उतरल्यावर गाडी कुठे? तर बुकिंगवाला म्हणाला, "दरी संपते तिथंच बस उभी असेल." अरे, तिथे रस्ताच नाही! 2018 ला मी स्वतः तिथून डेहणे गावापर्यंत पाय ओढत तासन् तास चाललोय. तिथंच फोन ठेवायला हवा होता. वाटलं बुकिंग घेणारा पोरगा असेल, लीडरला माहीत असेल. मी काही नवखा नाही, म्हणूनच जास्त लागतं.

शेवटच्या लोकलने कसाऱ्याला उतरलो. दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाला नेणारी जीप नाही, फोन बंद, ग्रुपमधून आम्ही बाहेर. भाचा नव्या बुटांची लेस बांधून बसलेला, दर पाच मिनिटांनी "मामा, आली का?"

तक्रारीला गेलो तर एका चौकीत म्हणे पैसे घरून भरले ना, मग तिकडच्या हद्दीत जा. तिकडचे म्हणे ऑनलाईन टाका. ऑनलाईन टाकलं, नंबर मिळाला, तो घेऊन परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर "तुम्हीच पिन टाकलाय ना?" आणि वर एक हवालदार मला विचारतो, एवढ्या थंडीत दरीत जायचंच कशाला! चार चकरा, दोन हाफ डे, हातात एक प्रिंटआऊट.

जंगलखात्याची फी नाक्यावर भरतात, पावती मिळते, आगाऊ "परमिट" कोणी मागितलं तर तिथंच थांबा. साम्रदमधल्या गावकऱ्यांनाच थेट फोन करा, वाटाड्या, तंबू, पिठलं-भाकरी सगळी सोय तेच करतात, पैसे तिथे हातात द्या. आणि डेहण्याला गाडी कुठे लागणार ते विचाराच.

परवा त्या पेजवरचेच दोराचे फोटो नव्या नावाच्या पेजवर दिसले, "शेवटच्या 4 सीट", रेट 1,799. कोणी भरले असतील तर आत्ता, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, मी दोन दिवस घालवले तसे घालवू नका.