पऱ्हाटीच्या वावरात उन्हाळी मका: ट्रॅक्टरनं पेरायचा की डोबायचा?

डिसेंबरात पऱ्हाटी (कपाशी) उपटून झाली, फरदड धरली नाही, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं पुढच्या बोंडांसाठी राखली नाहीत, विहीर एप्रिलच्या मध्यापर्यंत साथ देईल असा भरवसा आहे आणि आता वावर रिकामं दिसतंय. अशा वेळी मका टाकायचा ठरवलं की पहिला प्रश्न हाच येतो. ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र बोलवायचं, की हातानं ढकलायचं टोकण यंत्र घेऊन डोबायचं, म्हणजे ठरावीक अंतरावर एकेक दाणा जमिनीत टाकत जायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. दोन हंगाम ट्रॅक्टरनं पेरलं आणि त्यानंतर डोबतोय. माझं वावर घाटाखालचं, भारी काळ्या मातीचं, ओलीत तुषार सिंचनावर. तुमची जमीन हलकी असेल तर यातलं थोडंफार तुम्हाला लागू होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तारखेबद्दल दोनच शब्द. मक्याला तुरा यायला साधारण ५५ ते ६० दिवस लागतात आणि पारा ३८-४० च्या पुढे गेला की तुऱ्यातला पराग सुकतो, कणसात दाणे भरत नाहीत. घाटाखाली मार्चअखेरीलाच ऊन तापायला लागतं. म्हणून दाण्यासाठी मका घ्यायचा तर जानेवारीतच बी जमिनीत गेलं पाहिजे. हरभरा निघाल्यावर फेब्रुवारीअखेर पेरलेला मका मी फक्त चाऱ्यासाठी धरतो.

आता जमीन. पेरायच्या पद्धतीची निवड इथूनच सुरू होते, कारण ट्रॅक्टरनं पेरणारा बहुतेक जण आधी रोटाव्हेटर मारतो. दिसायला सुंदर काम होतं. वावर पिठासारखं होतं, धसकटं बारीक होतात आणि एका दिवसात पेरणीला तयार. पण भारी मातीत वरचं चार बोटं पीठ होतं आणि त्याखाली जमीन दाबून बसते. त्या पिठात ट्रॅक्टरच्या चाकाखालचा पट्टा घट्ट आणि बाजूचा भुसभुशीत, म्हणून बी सारख्या खोलीवर पडत नाही. मी पेरणीनंतर बोट घालून पाहिलं होतं. चाकामागच्या तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, दाणा बोटाच्या एका पेरावर, शेजारच्या तासात अख्खं बोट आत गेलं तरी दाणा लागेना. मक्याला चार-पाच सेंटिमीटर खोली पुरते. एक पेर म्हणजे दाणा वरच्यावर सुकणार, बोटभर म्हणजे कोंब वर येईपर्यंत दमणार. त्यावर तुषारचं पाणी पडलं की पिठाची पापडी धरते, ते वेगळंच.

डोबायचं ठरवल्यावर रोटाव्हेटर सोडला. आता पऱ्हाटी चिमट्यानं मुळासकट उपटतो, पंजीच्या (ट्रॅक्टरच्या दात्यांच्या औताच्या) दोन आडव्या-उभ्या पाळ्या देतो, धसकटं वेचून धुऱ्यावर (बांधावर) टाकतो. मग तुषारनं भिजवतो, वाफसा (पेरणीजोगी ओल) येऊ देतो आणि बैलाच्या वखराची एक पाळी. जानेवारीच्या थंडीत आमच्याकडे वाफशाला पाच-सहा दिवस जातात. मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला की वाफसा आला. एक आठवडा जास्त जातो, हे खरं. पण बी ओल्यात पडतं आणि पापडीचा प्रश्न राहत नाही.

ट्रॅक्टरच्या यंत्राचे गुण मोठे आहेत, ते नाकारत नाही. तीन एकर एका दुपारी होतात. खत बियाण्याच्या बगलेला, बियाण्यापेक्षा थोडं खोल, त्याच फेरीत पडतं. डोबताना ही सोय नाही. मी आधी तिफनीनं दोन फुटी काकऱ्या (उथळ रेघा) काढून सरत्यानं, म्हणजे तिफनीमागच्या नळीनं, १०:२६:२६ खत सोडतो आणि काकराच्या बगलेला डोबतो, म्हणजे एक काम वाढलंच. शिवाय मजूर मिळायची पंचाईत तुम्हाला माहीत आहे. यंत्र घ्यायचंच तर तिरप्या तबकडीचं घ्या, खाचेत एकेक दाणा उचलणारं. सोयाबीन-हरभऱ्याच्या साध्या यंत्रातून मका सोडला की कुठे चार दाण्यांचा गुच्छ पडतो, कुठे दाणा चिरडतो. तबकडीतही दाण्याचा आकार पाहावा लागतो. चपटा दाणा आणि गोल दाणा एकाच खाचेत सारखा बसत नाही.

हे सगळं सांभाळूनही मी यंत्र सोडलं, ते एका नळीमुळे.

दुसऱ्या वर्षी एकावेळी चार तास (ओळी) पेरणारं तबकडीचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. संध्याकाळ होत आली होती, ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या वावरात जायचं होतं. धुऱ्याजवळ वळताना त्यानं यंत्र पूर्ण न उचलता ट्रॅक्टर थोडा मागे घेतला. दाते जमिनीत असताना मागे आलं की फाळामागच्या तोंडात माती ठासते. काळी माती, वरून ओलसर, उजवीकडची नळी खालून बंद झाली. वरून काहीच कळत नाही. पेटीत बी खाली जाताना दिसतं, तबकडी फिरते, आणि दाणे नळीतच साचत राहतात. मी मागे चालत होतो. मला शंका आली तेव्हा विचारलं, तर उत्तर मिळालं, "भाऊ, दाणे पडून राह्यले ना." मी थांबवलं नाही, ही चूक माझी. अंधार पडायच्या आत आटोपावं असं मलाही वाटत होतं.

थंडीमुळे उगवण नवव्या दिवशी दिसली. जाताना उजवी नळी बंद आणि वळून येतानाही उजवीच बंद, म्हणजे रिकामे दोन तास एकमेकांना लागून आले. दोन फुटांच्या तीन अंतरांचा, सहा फुटांचा मोकळा पट्टा, बैलगाडी सहज जाईल असा. असे पट्टे अर्ध्या एकरात. आई धुऱ्यावर उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, घरी जाऊन उरलेल्या पिशवीतलं बी घेऊन आली. आम्ही दोघांनी दोन दिवस खाडे, म्हणजे रिकाम्या जागा, बी टाकून भरले.

खाडे भरून भागत नाही, हे मक्याच्या बाबतीत नीट समजून घ्यायला हवं. गहू विरळ झाला तर फुटवे काढून जागा भरतो, हरभरा फांद्या पसरतो. मका तसं करत नाही. एक रोप, साधारण एक कणीस. जिथे रोप नाही तिथे कणीस नाही. आणि दहा दिवस उशिरा उगवलेलं रोप मोठ्यांच्या सावलीत लांबट, बारीक वाढतं. माझ्या भरलेल्या खाड्यांमधली बरीच रोपं कणसाविना राहिली, ती बैलांच्या गव्हाणीत गेली. एका जागी दोन-तीन दाणे पडले तर तीही रोपं एकमेकांना खातात आणि विरळणीला पुन्हा बाया लावाव्या लागतात.

हाताच्या टोकण यंत्रात दोष नाहीत असं नाही. त्याच्या चाकाला चोची असतात. माती जास्त ओली असेल तर चोचीतही चिखल भरतो. ढेकळांवर चाक उड्या मारतं, म्हणून वखराची पाळी चुकवता येत नाही. चालणंही कमी नाही. ६० सेंटिमीटर अंतरावर एकरात जवळपास पावणेसात किलोमीटर चालणं होतं. आम्ही दोघं पाळीपाळीनं ढकलतो, सकाळी दहिवर उतरल्यावर सुरू केलं की एकर दुपारच्या जेवणापर्यंत होतो.

पण चोच बंद झाली की दिसते. चाक माझ्या पुढ्यात फिरत असतं, माती भरलेली चोच वर आली की नजरेत भरते, काडीनं टोकरून पुढे निघायचं. फार तर दोन-चार जागा रिकाम्या जातात आणि त्या तिथल्या तिथे हातानं टाकता येतात. बी आठ किलोत एकर पुरतं. ट्रॅक्टरच्या वेळी मला तेवढ्याच जागेला दहा किलोच्या आसपास लागलं होतं. उगवण एकसारखी आली की लष्करी अळीची पाहणीही सोपी होते, सगळ्या झाडांचे पोंगे एका वयाचे असतात, फवारणी एकाच वेळी बसते.

दोरी धरून बायांकडून डोबून घेणं ही तिसरी वाट, आणि काम सगळ्यात देखणं तिचंच. पण आमच्या गावात जानेवारीत बाया कापसाच्या शेवटच्या वेच्यात आणि हरभऱ्याच्या कामात असतात, म्हणून मी तो विचार सोडला. रानडुकरांना मात्र कोणतीच पद्धत अडवत नाही. ताजा तास ते नाकानं उकरत जातात, तेव्हा पहिल्या आठ-दहा रात्री जागल करावीच लागते. कृषिपंपाची लाईन रात्रीची असेल तर ते एक निमित्त होतं.

तुमच्याकडे आठ-दहा एकर असतील, घरात चालणारी माणसं नसतील, तर ट्रॅक्टरनंच पेरा, त्यात गैर काही नाही. फक्त वावर पिठासारखं करू नका आणि वाफशावर पेरा. वळताना यंत्र पूर्ण उचलून घ्यायचं, हे ट्रॅक्टरवाल्याशी पैशाची बोली करतानाच बोलून ठेवा. प्रत्येक वळणावर एका माणसानं वाकून प्रत्येक नळीचं तोंड बघायचं, आणि पहिल्या वीस फुटांत चारही तास उकरून दाणे मोजायचे. त्यासाठी ट्रॅक्टर थांबवावा लागला तर थांबवा. दोन-तीन एकरांपर्यंतचं काम असेल आणि आठवडाभर आधी वावर तयार करता येत असेल, तर मी डोबायलाच सांगेन. यंदा माझ्या तिन्ही एकरांना पंजी देऊन झाली आहे, कालच तुषार लावलेत. वाफसा आला की डोबणीला लागतो.