बॉल पायथन घेताना: पास्टल, पायबाल्ड की स्पायडर?

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन मुळात तपकिरी-काळ्या नक्षीचा, साधारण ३ ते ५ फूट लांबीचा आणि बुजरा अजगर आहे. १९९० च्या दशकापासून अमेरिकेतील पैदासकारांनी त्याच्यात रंगांचे इतके प्रकार, म्हणजे मॉर्फ, रुजवले की नवख्याची निवड बहुधा छायाचित्रावरच ठरते. हा साप नीट सांभाळल्यास २०-३० वर्षे जगतो, त्यामुळे रंगाआधी जनुक पाहावे.

पास्टलमध्ये पिवळा रंग उजळतो. आईबापांपैकी एकाकडूनच जनुक आले तरी रंग दिसतो, त्यामुळे पिल्ले मुबलक आणि किंमत आवाक्यातली असते. वय वाढते तसा तो पिवळेपणा मळकट होतो, एवढीच काय ती तक्रार.

पायबाल्डच्या अंगावर पांढरेशुभ्र पट्टे असतात आणि दोन पिल्लांत पांढऱ्याचे प्रमाण क्वचितच सारखे असते. हे जनुक अप्रभावी असल्याने ते दोन्हीकडून यावे लागते. नर-मादी दोघेही केवळ वाहक, म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेले आणि दिसायला साधे, असतील, तर सरासरी चारांत एकच पिल्लू पायबाल्ड निघते. त्याची किंमत अधिक असते ती यामुळेच, आणि माझ्या मते ती वाजवी आहे.

स्पायडरची जाळीदार नक्षी तिन्हींत सर्वांत देखणी आहे, हे मान्य करायलाच हवे. मात्र याच जनुकासोबत आतल्या कानाच्या रचनेतला दोष येतो. साप डोके डोलावतो, मान पिळतो, कधी भक्ष्यावरचा नेम चुकतो. लक्षणे कमीअधिक असतात, ताणाने वाढतात, आणि अनेक वर्षांच्या पैदाशीनंतरही नक्षी या दोषापासून वेगळी काढता आलेली नाही. पिल्लू विकत घेताना स्वस्थ दिसले म्हणून निश्चिंत राहता येत नाही. मी तो घेणार नाही.

खरी फसगत नावांत आहे. ‘बंबलबी’ म्हणजे पास्टल अधिक स्पायडर आणि ‘स्पिनर’ म्हणजे पिनस्ट्राइप (आणखी एक मॉर्फ) अधिक स्पायडर, पण नावात स्पायडरचा मागमूस नसतो. म्हणून विक्रेत्याकडून प्रत्येक जनुकाची यादी लेखी घ्यावी आणि साप भक्ष्य खातो का, ते प्रत्यक्ष पाहावे.

भारतात राहणाऱ्यांनी आधी कायदा पाहावा. आपला भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असून तो घरी पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी सायटीस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो, आणि त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.