जांभ्याच्या भिंती आणि एक पावसाळा : रंगकामानंतरच्या दहा महिन्यांचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या जांभ्याच्या घराचे रंगकाम गेल्या मार्चमध्ये पूर्ण झाले. त्याबद्दल तेव्हाच लिहिले नाही, कारण कोकणात भिंतीची परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. आता पावसाळा उलटून थंडीही आली आहे. आम्ही छटा निवडण्यात तीन आठवडे घालवले आणि फिनिश, म्हणजे रंगाची चकाकी, कोणते घ्यायचे ते अर्ध्या तासात उरकले. रोजच्या वापरात मात्र समाधान किंवा त्रास मिळतो तो बहुतांशी फिनिशमुळे, हे मला आता खात्रीने सांगता येते.

ओटीला किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा, मॅट (बिनचकाकीच्या) इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगात, दिला आहे. शेडकार्डावर आम्हाला राखाडी झाकेचा पांढरा अधिक आवडला होता. पण प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारलेल्या भिंतीवर दोन्ही रंगांचे दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवून तीन दिवस पाहिले, तेव्हा आमच्या लाल कोब्याशेजारी तो राखाडी पांढरा मळकट दिसू लागला. सकाळी दारातून ऊन कोब्यावर पडले की भिंतीचा खालचा हातभर भाग चक्क गुलाबी होतो, आणि पिवळसर पांढऱ्यावर ती लाली शोभून दिसते. दिव्याचाही फरक पडतो : ६५०० केल्विनच्या निळसर-पांढऱ्या ट्यूबखाली हीच भिंत कोरडी वाटते, तर ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात सायीसारखी दिसते. मुलांच्या खोलीसाठी अशी चाचणी घेतली नाही. तिथला पोपटी रंग चारही भिंतींवर लागल्यावर भिंतींचा प्रकाश एकमेकींवर पडून कार्डावरच्यापेक्षा कितीतरी भडक झाला आहे.

मॅटचा मोठा गुण म्हणजे जुन्या गिलाव्याचे उंचसखलपण त्यात झाकून जाते. दोष दिवाणामागे दिसला. डोके टेकण्याच्या जागी तेलाचा डाग पडला, तो ओल्या फडक्याने जोरात पुसला, तेव्हा डाग फिका झाला पण तेवढीच जागा घासून चकाकू लागली. शेवटी त्याच डब्यातला उरलेला रंग तिथे लावला आणि तो बेमालूम मिसळला. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत, वर शेडचा क्रमांक लिहून, अवश्य ठेवावा.

स्वयंपाकघरात सॅटिन, म्हणजे किंचित चकाकीचे फिनिश, घेतले, ते योग्यच ठरले. हळदीचे आणि फोडणीचे शिंतोडे साबणाच्या पाण्याने निघतात. मात्र खिडकीतून आडवा प्रकाश येताच पुट्टी (भिंत गुळगुळीत करण्याचा लेप) पसरवणाऱ्या पत्र्याची प्रत्येक लाट त्या चकाकीत उठून दिसते. सॅटिन द्यायचे असेल तर घासकाम झाल्यावर, प्रायमरच्या आधी, अंधारात भिंतीला लगटून विजेरी धरावी. ज्या जागी सावली पडेल ती जागा पुन्हा घासावी.

सर्वांत जास्त शिकवले ते पश्चिमेच्या खोलीने. तिथल्या एका भिंतीला पुट्टी आणि इमल्शन, तर शेजारच्या भिंतीला, जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडून, चुन्याचे तीन पातळ हात दिले. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाच्या माऱ्यात दोन्ही भिंती पाणी पितात. इमल्शनच्या भिंतीवर बाहेरची भेग बुजवण्याआधीच रंगाऱ्याने पुट्टी भरली. मीही तेव्हा हट्ट धरायला हवा होता. जुलैत तिथे तळहाताएवढे फुगे आले. नखाने दाबले की रंगासकट पुट्टीचा पापुद्रा सुटून येई आणि मागे कापसासारखा पांढरा खार दिसे. भिंतीतले पाणी आतल्या बाजूने बाहेर पडताना क्षार सोबत आणते. वर घट्ट थर असला की ते क्षार त्याच्यामागे साचतात आणि थर उचलतात.

चुन्याची भिंत ओलीने काळवंडली, पण एकही पोपडा सुटला नाही आणि दिवाळीच्या सुमारास ती आपोआप सुकून पुन्हा उजळली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा घट्ट होतो, तरीही बाष्प अडवत नाही. हात देताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावरच पांढरा होतो, म्हणून रंगाऱ्याला जाड हात द्यावासा वाटतो. तसा दिला तर तो तडकून झडतो. पाठ टेकली की कपड्याला पांढरे लागते, डाग पुसता येत नाहीत आणि गेरू, पिवळी माती अशा मातीच्या रंगांपलीकडे फारशी निवड उरत नाही. एवढे असूनही त्या खोलीत मला आता दुसरे काही नको आहे.

एप्रिलमध्ये बाहेरची भेग आधी बुजवून घेणार आहोत. नंतर भिंत महिनाभर सुकू देऊ आणि तिथली पुट्टी पूर्ण काढून तिलाही चुनाच देऊ, बहुधा थोडी पिवळी माती मिसळून.